गोम

खरसुंडीच्या यात्रेत आजोबा बैल बघायला लागले की त्यांचं तोंड बंद आणि हात चालू असे. आधी दात, मग खुरं, मग बैलाला दहा पावलं चालवून त्याच्या चालीकडे मान तिरकी करून बघणं. एवढं सगळं मनासारखं झालं की शेवटी त्याच्या पाठीवरून तळहात फिरवायचे. आधी केसांच्या दिशेनं, मग उलटा. खिलार बैलाचं कातडं मुळात तलम, त्यामुळे आजोबा त्याला कुरवाळतायत असंच मला वाटे. एकदा तसं म्हणालो, तर हसले. “कुरवाळत नाही लेका, गोम बघतोय.”

अंगावरचे केस एका दिशेनं जाता जाता मध्येच फिरतात, एकमेकांना भिडतात आणि तिथे एक बारीक रेघ उठते. सरपटत जाणाऱ्या गोमेसारखी दिसते, म्हणून तीही गोमच. घोड्याबैलांच्या जाणकारांनी असल्या रेघांचं आणि भोवऱ्यांचं एक शास्त्रच रचून ठेवलं आहे. इथे असली तर धन्याची भरभराट, चार बोटं सरकून तिथे असली तर धन्याचं वाटोळं. बैलाच्या ओढण्याशी, चालण्याशी, खाण्याशी त्या रेघेचा काडीचा संबंध नाही. तरी बाजारात तिच्यामुळे किंमत निम्म्यावर येते. ‘सगळं ठीक आहे, पण त्यात एक गोम आहे’ असं आपण कराराच्या कागदाबद्दल किंवा आलेल्या स्थळाबद्दल म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आजोबांचा तो उलटा फिरणारा तळहात येतो. गोम वरून दिसत नाही. ती शोधावी लागते, आणि शोधणाऱ्याला ती बहुधा सापडतेच.

जनावराच्या अंगावर माणसानं काय काय वाचावं! चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असलेला घोडा पंचकल्याणी. तो दारात असणं म्हणजे भाग्य. पण घरात नवी सून आली आणि महिन्याभरात सासऱ्याचं दुखणं उलटलं, तर तीच ‘पांढऱ्या पायाची’. पांढरा रंग एकच, पण घोड्याच्या पायावर तो कल्याण करतो आणि बाईच्या पायावर अवदसा होतो. आपल्या भाषेत ‘वाण’ म्हणजे रंग आणि ‘वाण’ म्हणजे जातही. बियाण्याचाही वाण असतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याला एवढं नक्की कळलेलं होतं की वाण आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतली पहिली डोळ्यांना दिसते, दुसरी वापरल्यावर कळते. आणि बाजार तर एका सकाळीत उरकायचा असतो.

आमच्या गावाबाहेर मळ्यात एक निवृत्त सुभेदार राहत. त्यांच्याकडे अल्सेशियनची जोडी होती. कुत्रा जर्मन, पण पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला जर्मन हा शब्द इंग्रजांच्या जिभेला सोसवेना, म्हणून त्यांनी फ्रान्सच्या सीमेवरच्या आल्सास प्रांताचं नाव त्याला चिकटवलं. ब्रिटनच्या केनेल क्लबनं १९७७ मध्ये मूळचं जर्मन शेफर्ड हे नाव परत केलं. आमच्याकडे मात्र तो अजून अल्सेशियनच आहे. सुभेदारकाकांच्या नराचं नाव कर्नल आणि मादीचं राणी. आयुष्यभर कर्नलसाहेबांना सलाम ठोकलेला माणूस रोज सकाळी ‘कर्नल, बस!’ असा हुकूम सोडी आणि कर्नल मुकाट बसे. त्या वेळी काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, त्याचा अर्थ कळायला मला पुढे नोकरी करावी लागली.

राणी व्याली तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. मळ्यातल्या खोपटात, गवताच्या उबेत सात पिल्लं. सहा काळी-तांबूस, जशी असायला हवीत तशी. सातवं पांढरं. नुसतं पांढरं नाही, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखं. त्याचं नाक मात्र काळंभोर. मला त्या सातांत तेवढं एकच ओळखू येई, म्हणून साहजिकच ते माझं झालं.

मोठ्या माणसांचा चेहरा वेगळा होता. बघायला आलेल्यांपैकी एकजण म्हणाला, “राणीनं शेण खाल्लं म्हणायचं.” हशा पिकला. काका हसले नाहीत. मळ्यात गावठी कुत्री हिंडतात, गड्यानं लक्ष ठेवलं नाही, असं काहीबाही पुटपुटले. कर्नलकडे कुणी संशयानं बघितलं नाही. त्याचे कागद होते ना! काकांच्या ट्रंकेत त्याच्या बापाचं, आजाचं, पणजाचं नाव लिहिलेला छापील कागद होता. राणीचाही होता, पण त्या दिवशी तो कुणाच्या ध्यानात आला नाही.

तिसऱ्या दिवशी खोपटात सहा पिल्लं होती. मी शिदूला विचारलं, पांढरं कुठं गेलं? शिदू म्हणजे काकांचा गडी. “न्हेलं एकानं,” तो म्हणाला आणि कडबा कापायला लागला. कुणी नेलं? डोळेसुद्धा न उघडलेलं पिल्लू कोण कशाला नेईल? हे प्रश्न मला तेव्हा सुचले नाहीत. सुचले असते तरी शिदूनं वर बघितलं नसतं. राणी मात्र दोन दिवस विहिरीच्या बाजूला जाऊन येत होती.

हा सगळा प्रकार मी विसरून गेलो होतो. पुढे केव्हातरी या जातीच्या मूळपुरुषाबद्दल वाचनात आलं आणि ते खोपट परत उघडलं.

३ एप्रिल १८९९. जर्मनीतल्या कार्ल्सरुह इथलं कुत्र्यांचं प्रदर्शन. माक्स फॉन श्टेफानित्झ नावाचा घोडदळातला कॅप्टन तिथे एक मेंढपाळी कुत्रा बघतो आणि जागच्या जागी विकत घेतो. त्याला नवं नाव देतो होरांड फॉन ग्राफराट. त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो जर्मन शेफर्ड कुत्र्यांची संघटना काढतो आणि तिच्या वंशनोंदवहीत पहिल्या क्रमांकावर होरांडचं नाव चढतं. आज जगभर जेवढे म्हणून कागदवाले जर्मन शेफर्ड आहेत, पोलिसांच्या पथकातले, बंगल्यांच्या फाटकातले, आणि आमचा कर्नलसुद्धा, त्या सगळ्यांचा मूळपुरुष हा. आणि या मूळपुरुषाच्या आईचा बाप, ग्राइफ नावाचा, पांढरा होता. चोरून नव्हे, उघड पांढरा. १८८२ मध्ये हानोवरच्या प्रदर्शनात तो मांडलेला होता. मेंढपाळांना पांढऱ्या कुत्र्याचं वावडं असायचं कारण नव्हतं. संध्याकाळच्या अंधारात तो लांबून ओळखू येतो, लांडगा समजून त्याच्यावर काठी पडत नाही.

म्हणजे आमच्या मळ्यातलं पांढरं पिल्लू गावठी कुत्र्याचं नव्हतं. खानदानात मुरलेला पणजोबांचा पणजोबा होता तो, शंभर वर्षं लपून राहून राणीच्या सातव्या पिल्लात वर आलेला.

फॉन श्टेफानित्झ स्वतः कामाचा भोक्ता. मेंढरं राखणं, वास काढणं, हुकूम पाळणं, हे त्याच्या लेखी आधी, रंग नंतर. ढवळ्या-पवळ्याची म्हण त्याला कुणी सांगितली असती तर त्यानं टोपी काढली असती. पण संघटना मोठी झाली, पदकं आली, पंच आले. १९३३ मध्ये जर्मनीत पांढरा रंग बाद ठरला. साल बघून जे मनात येतं ते येऊ द्यावं. पुढे त्याच्या नावावर नाना आरोप चिकटवले गेले. पांढरा म्हणजे बहिरा, पांढरा म्हणजे नाजूक, पांढरा इतरांचेही रंग फिके करतो. १९६८ मध्ये अमेरिकेच्या केनेल क्लबनंही त्याला रिंगणाबाहेर काढलं. यातलं बहिरेपणाचं प्रकरण तर दुसऱ्याच पांढऱ्याचं पाप याच्या माथी मारल्यासारखं आहे. त्याकडे येईनच.

या पांढऱ्याचं कारण आता कळलेलं आहे. केसांत काळा रंग भरायचा की तांबूस-पिवळा, हे ठरवणारी एक कळ कुत्र्याच्या गुणसूत्रांत असते. ती बिघडली की काळा रंग केसांत उतरतच नाही. कातडी, नाक, डोळे मात्र काळेच राहतात. उरलेला पिवळा रंग या जातीत इतका फिका असतो की कुत्रं पांढरं दिसतं. बिघडलेली प्रत आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून यावी लागते. एकच आली तर कुत्रं काळं-तांबूसच दिसतं आणि ती प्रत निमूटपणे पुढच्या पिढीकडे सरकवतं. ही खरी गोम. पाठीवरून कितीही उलटा हात फिरवा, ती लागत नाही.

दोघांकडून यावी लागते, हे वाक्य वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा राणी आठवली. शेण खाल्लं असं जिच्याबद्दल हसत हसत म्हटलं गेलं, तिनं काहीच केलं नव्हतं. आणि केलं असेल तर तेवढंच कर्नलनंही केलं होतं, त्याच्या छापील कागदासकट. घरात अनपेक्षित रंगाचं मूल जन्मलं की आधी बाईकडे बघायचं, ही खोड कुत्र्यांच्या मळ्यापर्यंत पोचलेली होती. एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या कुत्रेवाल्यांची पक्की समजूत होती की मादी एकदा हलक्या नराशी लागली की तिच्या पुढच्या सगळ्या विणी बाटतात, बाप कितीही अस्सल असो. कॉसर युअर्ट नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकानं पेनिक्विक इथे झेब्रा आणि घोड्या पाळून, वर्षानुवर्षं शिंगरं मोजून ही समजूत खोटी पाडली. ते प्रयोग त्यानं छापले १८९९ मध्ये. होरांडचं नाव वहीत चढलं, तेच साल.

१८९९ मध्ये आणखी एक जन्म झाला. इंग्लंडात एका मेजरच्या कुत्राघरात काळ्या लॅब्राडोरच्या पोटी पिवळी पिल्लं आली. त्यांतला एक बेन ऑफ हाइड हा नोंदलेला पहिला पिवळा लॅब्राडोर मानतात. तोवर लॅब्राडोर म्हणजे काळा. पिवळं किंवा तपकिरी पिल्लू निघालं की मालक नाक मुरडत आणि पुष्कळदा त्याची वासलात लावत. बेनच्या धन्याला तो रंग आवडला, एवढंच झालं. आज आमच्या पुण्यातल्या सोसायटीत संध्याकाळी पट्ट्याला बांधून फिरणाऱ्या कुत्र्यांत तीन तरी पिवळे लॅब्राडोर असतात. त्यांची चित्रं खोक्यांवर असतात, जाहिरातींत असतात. लहान मुलाला कुत्रा काढायला सांगा, तो पिवळाच रंगवेल. आणि गंमत अशी की लॅब्राडोरला पिवळा करणारा बिघाड आणि जर्मन शेफर्डला पांढरा करणारा बिघाड एकच आहे. त्याच कळीचा तोच तुकडा, त्याच जागी. एका जातीत तो सोफ्यावर बसला, दुसऱ्या जातीत विहिरीत गेला.

मग मला वाटायला लागलं की निदान या मारण्याचा उपयोग तरी होत असेल. पिढ्यानपिढ्या पांढरी पिल्लं काढून टाकली, म्हणजे हळूहळू ती प्रत संपत असेल. गणित मांडून बघितलं. १९०८ मध्ये हार्डी नावाच्या इंग्रज गणितज्ञानं, जरा वैतागूनच, चार ओळींचं एक समीकरण लिहिलं होतं. ते शाळकरी पोरालाही सुटतं. समजा, शंभर पिल्लांत एक पांढरं निघतं. तर त्याच शंभरांत ती प्रत गुपचूप वाहणारी, दिसायला चोख अशी अठरा असतात. आपण ते एक मारतो आणि अठरांना पदकं देतो. असं प्रत्येक पिढीत, एकही पांढरं न चुकता मारत राहिलं, तर शंभरांत एकचं दहा हजारांत एक व्हायला किती पिढ्या लागतील? नव्वद. कुत्र्याची पिढी तीन-साडेतीन वर्षांची धरली तरी तीनशे वर्षं. छत्रपती शाहूंच्या सातारच्या काळात सुरुवात केली असती, तर आत्ता कुठे काम संपत आलं असतं. आणि तरीही ते संपलं नसतं.

हे गणित कुत्र्यांपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवरचा पायाभूत इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये क्लॅरन्स कुक लिटल यांनी लिहिला. माणूस विद्वान, अमेरिकेतली नामांकित जॅक्सन प्रयोगशाळा त्यांनी स्थापली. हेच गृहस्थ १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन युजेनिक्स सोसायटीचे अध्यक्ष होते. माणसांतही नको ती बीजं पुढे जाऊ देऊ नयेत, असं मानणाऱ्यांची ती संस्था. पाठीवरून हात उलटा फिरवायची एकदा सवय लागली की तो हात बैलाच्या पाठीवर थांबत नाही.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे सगळं खूळच म्हणायचं? नाही. इथेच जरा सावकाश जायला हवं, कारण पांढरा आणि पांढरा यांत फरक आहे.

बॉक्सर घ्या. छातीवर पांढरा शर्ट, पायांत पांढरे मोजे, कपाळावर पट्टा, असा बॉक्सर रिंगणात उठून दिसतो. हा पांढरा रंग वेगळ्या वाटेनं येतो. गर्भात रंग बनवणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघून अंगभर पसरतात. त्या जिथे पोचल्या नाहीत तिथे पांढरं राहतं. हे पसरणं अडवणारी एक प्रत मिळाली की मोजे आणि शर्ट, दोन मिळाल्या की सगळं अंगच पांढरं. दोन देखणे, मोजेवाले बॉक्सर एकत्र आणले की सरासरीनं चारांत एक पिल्लू पांढरं निघणार, हे ठरलेलं. आणि या पिल्लांत बहिरेपणाचा धोका खराच असतो, कारण रंगाच्या त्याच पेशींची गरज आतल्या कानालाही असते. तिथे त्या पोचल्या नाहीत तर जन्मानंतर काही आठवड्यांतच ऐकण्याची यंत्रणा वाळून जाते. पिढ्यानपिढ्या ही पिल्लं जन्मल्या दिवशीच संपवली गेली. या जातीच्या आद्य मातांपैकी मेटा फॉन डेर पासाज ही स्वतः बव्हंशी पांढरी, तरीही.

इथला दोष कुणाचा? चार पिल्लांतल्या एकाला पांढरं म्हणून बाद करायचं आणि ज्या जोडीतून ते हमखास निघतं त्याच जोडीला मोज्यांसाठी बक्षीस द्यायचं, हा व्यवहार मला चोख वाटत नाही. बाद झालेलं पिल्लू अपघातानं आलेलं नसतं. विजेत्याच्या मोज्यांची ती किंमत असते, आणि ती दुसऱ्याच्या खात्यातून वळती केलेली असते. मोजेवाला आणि बिनमोज्याचा असा जोड लावला तर पूर्ण पांढरं पिल्लू निघतच नाही. साधा उपाय आहे. त्यानं निम्मी पिल्लं बिनमोज्याची निघतात, एवढंच नुकसान.

दुसरं टोक डॉबरमनचं. १९७६ मध्ये अमेरिकेत एक पांढरी डॉबरमन जन्मली, शीबा. निळे डोळे, गुलाबी नाक. तिच्या धन्यांना ती दुर्मीळ वाटली, म्हणून पुढे तिच्याच पिल्लांशी तिचा जोड लावून तसल्या पिल्लांचा वंश वाढवला गेला. आजचे पांढरे डॉबरमन तिचेच वंशज. त्यांना उन्हात डोळे उघडवत नाहीत, कातडीवर गाठी येण्याचं प्रमाण मोठं असतं. इथे पांढऱ्याला विरोध करणारे लोक पूर्वग्रहानं आंधळे नव्हते, ते कुत्र्याच्या बाजूनं बोलत होते. म्हणजे नुसतं ‘रंगावरून भेद करू नका’ असं म्हणून सुटका नाही. प्रश्न विचारावा लागतो: हा रंग कुणाला सलतो? कुत्र्याला की बघणाऱ्याला? कुत्र्याच्या अंगाला सलत असेल तर तो दोष. बघणाऱ्याच्या डोळ्यांना सलत असेल तर ती गोम.

आणि बाजाराला यातलं काहीच सलत नाही. पुण्याजवळ कुत्र्यांची पैदास करणारे एक परिचित आहेत. त्यांच्याकडे दोनच रकाने: ‘शो क्वालिटी’ आणि ‘पेट क्वालिटी’. रंग चुकला की पिल्लू दुसऱ्या रकान्यात, भाव निम्मा. पण अलीकडे तिसरा रकाना आला आहे, ‘रेअर कलर’. तोच चुकलेला रंग, भाव दुप्पट. निळसर झाक असलेली, ठिपक्याठिपक्यांची, चंदेरी. त्यांतल्या काही रंगांबरोबर केस झडण्याचं दुखणं येतं. काही ठिपकेदारांचा आपसांत जोड लावला तर आंधळी-बहिरी पिल्लं निघतात. ब्रिटनच्या केनेल क्लबनं तसल्या जोडांची पिल्लं नोंदवणंच बंद केलं आहे. आमच्या परिचितांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “साहेब, गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं.” त्यांना काय बोलणार? तीस वर्षांपूर्वी मी स्वतः कुत्रा घ्यायला गेलो होतो तेव्हा पिल्लाच्या आईचे कंबरेचे सांधे कसे आहेत, हे विचारलं नव्हतं. काळी पाठ आणि काळं तोंड असलेलं आहे का, हे विचारलं होतं. तो कुत्रा पुढे मागच्या पायांनी लंगडला. पाठ शेवटपर्यंत काळीभोर होती.

माझ्याकडे पोस्टाची तिकिटं जमवण्याच्या जुन्या नादातली एक वही आहे. तिच्यात ९ जानेवारी २००५ ला निघालेल्या चार तिकिटांचा संच आहे, भारतीय कुत्र्यांचा. हिमालयातला मेंढपाळी कुत्रा, रामपूर हाउंड, मुधोळ आणि राजापालयम. मुधोळ आमच्या बाजूचा. घोरपड्यांच्या संस्थानात नावारूपाला आलेला, काटकुळा, वाऱ्यासारखा पळणारा. त्याचा रंग कुणी फारसा विचारत नाही, त्याचं पळणं विचारतात. पण शेजारचं तिकीट बघताना मी थबकतो. तमिळनाडूतल्या विरुधुनगर जिल्ह्यातला राजापालयम. दुधासारखा पांढरा, गुलाबी नाकाचा. तिथल्या शौकिनांना हवा तो हाच. तपकिरी, काळी, ठिपक्यांची पिल्लं त्याही जातीत निघतात. पूर्वी ती जन्मल्यावर मारून टाकत. पांढऱ्या राजापालयममध्ये बहिरेपण बरंच आढळतं, म्हणजे नेमकी ऐकू येणारी पिल्लं मारली जाण्याचाच संभव अधिक. जर्मनीत पांढरं म्हणून मारलं, राजापालयमला पांढरं नाही म्हणून मारलं. दोन्हीकडच्या माणसांची एकमेकांशी गाठ पडली असती तर काय झालं असतं? बहुधा जात शुद्ध राखणं किती जिकिरीचं असतं, यावर दोघांचं ताबडतोब एकमत झालं असतं.

आता गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की कुत्र्यातली लपलेली प्रतही कळते. आजोबांच्या हाताला जे लागलं नसतं ते प्रयोगशाळेत लागतं. त्यामुळे प्रश्न सुटला, असं वाटण्याचा संभव आहे. उलट तो जास्त टोकदार झाला. आता शंभरांतलं ते एकच नाही, ती अठराही दिसतात. त्यांचं काय करायचं? सगळ्यांना पैदाशीतून बाद केलं तर रंग एका पिढीत निघून जाईल, पण त्यांच्याबरोबर त्यांच्यातलं चांगलं सगळंही जाईल. घट्ट सांधे, शांत स्वभाव, भक्कम हृदय. आधीच मूठभर पूर्वजांवर उभी असलेली जात आणखी अरुंद होईल. निरुपद्रवी रंगासाठी एवढी किंमत देणं म्हणजे भिंतीचा डाग काढायला खांब पाडणं. आणि रंग उपद्रवी असेल तरी वाहक कुत्रा टाकून देण्याची गरज नाही. दोन वाहक एकत्र आणायचे नाहीत, एवढा नेम पाळला की एकही दुखरं पिल्लू जन्मत नाही. नेम पाळायला फक्त एक गोष्ट लागते. आपल्या कुत्र्यात काय आहे, ते चारचौघांत सांगावं लागतं.

आणि तेच कुणाला नको असतं. पांढरं पिल्लू निघालं हे कळलं की नराची मागणी पडते, मादीचे पुढचे सौदे फिसकटतात. म्हणून पिल्लू नाहीसं होतं. मारणाऱ्याला ते रंगामुळे नको असतं असंही नाही. ते साक्षीदार असतं म्हणून नको असतं. स्विस लोकांनी वेगळी वाट काढली. १९७० च्या दशकात अमेरिकेतून आणलेल्या लोबो नावाच्या पांढऱ्या कुत्र्यापासून त्यांनी उघड पैदास केली, उघड नोंदी ठेवल्या. २००२ मध्ये कुत्र्यांच्या जातींना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघानं त्या कुत्र्यांना वेगळी जात म्हणून तात्पुरती आणि २०११ मध्ये कायमची मान्यता दिली, क्रमांक ३४७. ज्या अंगरख्यावरून घराबाहेर काढलं, त्याच अंगरख्यावर त्यांनी स्वतःचं घर बांधलं. चांगलंच झालं. फक्त आता त्या घरात काळं पिल्लू जन्मलं तर काय होईल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ते जन्मू शकत नाही, हे मला गणितानं माहीत आहे, तरीही.

सुभेदारकाका गेले त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीत त्यांच्या मुलानं मळ्यातली जुनी ट्रंक उघडली आणि मला कुत्र्यांचा नाद म्हणून आतली एक वही माझ्या हातात ठेवली. काकांचा फौजी हिशेबी स्वभाव त्या वहीत पानोपान होता. कर्नलचं वजन, राणीचा माज, लसींच्या तारखा, कुठलं पिल्लू कुणाला दिलं, किती रुपयांना. अक्षर मोत्यासारखं. कुठे खाडाखोड नाही. राणीची ती वीण शोधायला मला वेळ लागला नाही, वर्ष आठवत होतं.

‘राणी व्याली. पिल्ले ६. सर्व काळी-तांबूस. उत्तम.’

मी मनातल्या मनात परत मोजलं. सात होती. एक मला ओळखू येत होतं.

वही बंद करणार होतो, पण पान उलटलं गेलं. पुढच्या वर्षीची नोंद होती. नर कर्नल, मादी राणी, तीच जोडी. त्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पिल्ले ५. सर्व काळी-तांबूस. उत्तम.’ त्या पाचाच्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत बसलो.